फीबी, प्रिस्किल्ला, यूनिया: नव्या करारातल्या बायका नजरेआड कशा झाल्या?

ऑक्टोबर 2025 मध्ये इंग्लंडहून बातमी आली की कँटरबरीच्या आर्चबिशपपदी सारा मुलाली यांची निवड झाली आहे. जगभरच्या अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतल्या, ख्रिस्ती लोकांत मानाचं हे सर्वांत मोठं पद. सहाव्या शतकाच्या अखेरीपासून चालत आलेल्या या गादीवर पहिल्यांदाच एक स्त्री, आणि तीही आधी नर्स म्हणून काम केलेली. लगोलग विरोधाची निवेदनंही निघाली. विरोधकांचं म्हणणं, पवित्र शास्त्रात याला परवानगी नाही. पाठिंबा देणाऱ्यांचं म्हणणं, पवित्र शास्त्रातच याला आधार आहे.

ख्रिस्ती नसलेला वाचक इथं गोंधळतो, आणि खरं सांगायचं तर ख्रिस्ती वाचकही गोंधळतो. एकाच ग्रंथातून दोन उलट निकाल कसे निघतात? माझं म्हणणं आधीच सांगते. सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळींत जबाबदारीची कामं करणाऱ्या बायका त्या ग्रंथात आहेत, नावानिशी आहेत. त्यांना बाहेरून आणून बसवावं लागत नाही. त्या दिसेनाशा झाल्या त्या नंतरच्या वाचनात. कुठं भाषांतरातल्या एका शब्दानं, कुठं नावांचा क्रम बदलून, आणि एका ठिकाणी तर अक्षरावरच्या एवढ्याशा चिन्हानं.

आधी ग्रंथ समजून घेऊ

बायबलचा दुसरा भाग म्हणजे नवा करार. त्यात 27 लहानमोठी पुस्तकं आहेत आणि ती सगळी मुळात ग्रीक भाषेत लिहिलेली. त्यांतली सर्वांत जुनी कोणती, असं विचारलं तर बहुतेक जण येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांकडे बोट दाखवतात. पण त्यांच्याही आधीची आहेत पौलाची, म्हणजे येशूचा संदेश गावोगाव पोचवणाऱ्या प्रचारकाची, पत्रं, साधारण इ.स. 50 ते 60 या दशकातली. शुभवर्तमानं अभ्यासकांच्या मते 70 ते 100 च्या दरम्यान लिहिली गेली.

ही पत्रं म्हणजे कायद्याची कलमं नव्हेत. एखाद्या गावातल्या मंडळीत काही भांडण झालं, शंका निघाली, की पौल उत्तर लिहायचा. आपल्या हाती उत्तर आहे, मूळ अर्ज मात्र गहाळ आहे. सरकारी फाइलीत नुसतं ‘आपल्या पत्रातील मुद्दा क्रमांक 3 बाबत’ असं उत्तर सापडावं आणि तो मुद्दा काय होता ते कुठंच नसावं, तशी ही गत. पुढं ‘बायकांनी गप्प राहावं’ या वाक्याशी पोचू तेव्हा हे लक्षात ठेवावं लागेल.

आणखी एक गोष्ट. ‘मंडळी’ म्हणजे तेव्हा इमारत नव्हती. चर्च म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढं घंटा, वेदी, बाकं येतात, त्यातलं काही नव्हतं. लोक कुणाच्या तरी घरी जमत, भाकरी मोडत, प्रार्थना करत, आलेलं पत्र मोठ्यानं वाचत. घर ज्याचं किंवा जिचं, तिथं त्या माणसाचा शब्द चाले.

सगळे जण जो अध्याय गाळतात तो

माझ्या लहानपणी आमच्याकडे रोमकरांस पत्र, म्हणजे पौलानं रोमच्या मंडळीला लिहिलेलं पत्र, वाचायला घेतलं की पंधराव्या अध्यायाशी थांबत. सोळावा म्हणजे ‘यांना सलाम सांगा, त्यांना सलाम सांगा’ अशी नुसती यादी. लग्नपत्रिकेच्या खालची आप्तेष्टांची नावं कोण वाचतं? मोठेपणी मी तो अध्याय बोटानं मोजत वाचला आणि थक्क झाले.

त्या यादीत 10 बायका आहेत. फीबी, प्रिस्किल्ला, मरीया, यूनिया, त्रुफैना, त्रुफोसा, पर्सिस आणि युलिया या आठ जणींची नावं दिली आहेत. रूफाची आई आणि नीरियाची बहीण या दोघी नावाशिवाय येतात. पुरुषांची नावं संख्येनं जास्त आहेत, पण कोणी काय काम केलं हे सांगताना पौल बायकांबद्दल जास्त बोलतो. मरीया, त्रुफैना, त्रुफोसा आणि पर्सिस या चौघींसाठी तो ‘प्रभूसाठी कष्ट केले’ अशा अर्थाचं जे ग्रीक क्रियापद वापरतो, तेच तो इतरत्र स्वतःच्या प्रचारकार्यासाठी वापरतो. हे कष्ट म्हणजे केवळ स्वयंपाकपाणी असं समजायला मजकुरात काही आधार नाही. (स्वयंपाकपाणीही कमी प्रतीचं काम नव्हे, पण तो वेगळा विषय.)

यादीतल्या तिघींपाशी जरा थांबू.

फीबी: पाटलीणबाई की सरपंच?

करिंथ शहराच्या पूर्वेला किंख्रिया नावाचं बंदर होतं. तिथल्या मंडळीची फीबी ही ‘डायकोनोस’ होती, असं पौल लिहितो. या शब्दाचा मूळ अर्थ सेवा करणारा, निरोप पोचवणारा, एखाद्याच्या वतीनं काम पाहणारा. हाच शब्द पौल स्वतःला लावतो, अपुल्लो या दुसऱ्या प्रचारकाला लावतो. पुढं तो चर्चमधल्या एका पदाचं नावच झाला. इंग्रजीतला ‘डीकन’ त्यातूनच आला.

आता गंमत पाहा. 1611 च्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरात पौल आणि अपुल्लो यांच्यासाठी हा शब्द आला की ‘मिनिस्टर’ होतो आणि फीबीसाठी आला की ‘सर्व्हंट’ होतो. मूळ शब्द एकच. पुरुषाला पद मिळालं, बाईला चाकरी.

मराठी वाचकाला यातली मेख चटकन कळेल. आपल्याकडे पाटलीणबाई म्हणजे पाटलाची बायको. पाळकीणबाई म्हणजे पाळकांची, चर्चच्या धर्मगुरूंची, बायको. पण ‘सरपंच’ हा शब्द बाई असो वा बाप्या, जो पदावर आहे त्याचा. ‘डायकोनोस’ तसा आहे. शब्दाचं रूप पुरुषांना लागतं तेच फीबीला लागतं आणि तिच्या नवऱ्याचा तिथं उल्लेखही नाही. ‘डायकोनिसा’ हे खास स्त्रीलिंगी रूप प्रचारात येतं ते पुढं, चौथ्या शतकात. म्हणजे फीबी पाटलीणबाई नव्हती. किंख्रियाच्या मंडळीत ती स्वतः जबाबदारीवर होती.

पौल तिच्यासाठी आणखी एक शब्द वापरतो, ‘प्रोस्टाटिस’. अर्थ आश्रयदाती. रोमी समाजात अशा माणसाला फार वजन असे. परगावाहून आलेल्याला छप्पर देणं, कोर्टकचेरीत शब्द टाकणं, ओळखी करून देणं, पैसा उभा करणं ही त्याची कामं. पौल म्हणतो, ती अनेकांची आश्रयदाती झाली आणि माझीही.

सर्वसामान्यांसाठी टपालखातं नव्हतं. पत्र कुणाच्या तरी हाती जायचं आणि नेणारा माणूस ते समजावूनही सांगायचा. रोमच्या मंडळीला पौल लिहितो, फीबी येते आहे, तिला मानानं घ्या. त्यावरून हे पत्र तिनंच नेलं असं बहुतेक अभ्यासक मानतात. पौलाचं हे सर्वांत लांब, सर्वांत अवघड पत्र, सुमारे 7,000 ग्रीक शब्दांचं. ते उतरवून घेणाऱ्या लेखनिकाचंही नाव शेवटी आहे, तर्तियस. रोममध्ये ते वाचल्यावर कुणी विचारलं असेल, ‘याचा अर्थ काय?’ तर सगळ्यांची तोंडं फीबीकडेच वळली असणार. पुढं ऑगस्टीन, ल्यूथर यांच्यासारख्या धर्मपंडितांच्या पिढ्या ज्या पत्रावर घासल्या, त्याची पहिली समजूत घालून देणारी व्यक्ती बहुधा एक बाई होती. मला हा विचार फार मोलाचा वाटतो.

सौ. आणि श्री.

प्रिस्किल्ला आणि तिचा नवरा अक्विल्ला राहुट्या बनवण्याच्या धंद्यात होते. सम्राट क्लौद्यानं रोममधल्या यहुद्यांना हाकललं तेव्हा, म्हणजे साधारण 49 साली, हे जोडपं करिंथला आलं. पौल त्यांच्याकडे राहिला, त्यांच्याबरोबर कामाला बसला. पुढं इफिसमध्ये अपुल्लो नावाचा मोठा वक्ता आला. हा आलेक्सांद्रियाचा, शास्त्रात मुरलेला. त्याचं ज्ञान एका बाबतीत अपुरं आहे हे या दोघांच्या ध्यानात आलं. त्यांनी त्याला आपल्याकडे नेलं आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगितला.

नव्या करारात या जोडप्याचं नाव 6 वेळा येतं. त्यांपैकी 4 वेळा आधी प्रिस्किल्ला, मग अक्विल्ला. आपल्या लग्नपत्रिकेत ‘श्री. व सौ.’ ठरलेलं असतं. कुणी ‘सौ. व श्री.’ छापलं तर वाचणारा थबकेल आणि काहीतरी कारण असणार असं धरून चालेल. तेव्हाच्या वाचकालाही तसंच झालं असणार. अपुल्लोला शिकवण्याच्या प्रसंगी जुन्या, भरवशाच्या हस्तलिखितांत तिचं नाव आधी आहे. सुमारे पाचव्या शतकातल्या एका नक्कलकारानं तो क्रम उलटवला. 1611 च्या इंग्रजी भाषांतरातही तिथं नवराच पुढं आहे.

यूनिया: एका चिन्हाची गोष्ट

आता सर्वांत मोठा मासला. सोळाव्या अध्यायाच्या सातव्या ओवीत पौल अंद्रोनीक आणि यूनिया यांना सलाम सांगतो. ते माझे जातभाई, माझ्याबरोबर बंदीत पडलेले, माझ्याआधी ख्रिस्ती झालेले आणि प्रेषितांमध्ये नावाजलेले आहेत, असं म्हणतो. प्रेषित म्हणजे पाठवलेला, ज्याला येशूचा निरोप पोचवण्यासाठी धाडलं आहे असा. सुरुवातीच्या मंडळीत याहून मोठा मान नव्हता.

यूनिया हे रोमी बायकांचं सर्रास आढळणारं नाव. रोमच्या कोरीव लेखांत ते अडीचशेहून जास्त वेळा सापडतं. चौथ्या शतकाच्या अखेरीस योहान ख्रिसोस्तोम हा मोठा उपदेशक होऊन गेला. पुढं कॉन्स्टँटिनोपलचा बिशप झाला. ग्रीक ही त्याची मायबोली. तो या ओवीवर बोलताना म्हणतो की या बाईचं शहाणपण केवढं असेल, तिला प्रेषित म्हणण्याजोगं मानलं गेलं! हा माणूस बायकांना मोकळीक द्यावी अशा मताचा मुळीच नव्हता. तरी इथं बाई आहे याबद्दल त्याला तसूभर शंका नव्हती.

मग शंका आली कुठून? जुनी ग्रीक हस्तलिखितं आघातचिन्हांशिवाय, म्हणजे शब्दात जोर कुठं द्यायचा हे दाखवणाऱ्या चिन्हांशिवाय, लिहिलेली असत. ती चिन्हं नंतर आली. पौलाच्या वाक्यात नाव ‘यूनियाला’ अशा विभक्तीच्या रूपात आहे. एका जागी चिन्ह दिलं तर ते बाईचं नाव होतं. दुसऱ्या जागी, दुसऱ्या तऱ्हेचं चिन्ह दिलं तर ‘यूनियास’ नावाच्या पुरुषाचं होतं. हा यूनियास म्हणे यूनियानुस या नावाचं लघुरूप. अडचण एवढीच की यूनियास नावाचा एकही माणूस प्राचीन लेखांत सापडत नाही. पत्रात ‘शालिनीला नमस्कार सांगा’ असं वाचून कुणी ‘हे शालिनीकांतचं लाडाचं नाव असावं’ म्हणून हट्ट धरावा, तसला हा प्रकार.

तेराव्या-चौदाव्या शतकात रोमच्या एगिदियस नावाच्या विद्वानानं तिला पुरुष मानलं. ल्यूथरच्या जर्मन भाषांतरानं ते मत दूरवर पोचवलं. ग्रीक नव्या कराराच्या छापील आवृत्त्या मात्र 1516 पासून जवळजवळ सगळ्या बाईचंच नाव छापत आल्या होत्या. 1927 मध्ये विद्वानांत सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या जर्मन आवृत्तीत चिन्ह बदललं आणि यूनियाचा पुरुष झाला. नवं हस्तलिखित काही सापडलं नव्हतं. बाई प्रेषित असू शकत नाही, म्हणून हा पुरुष. आणि हा पुरुष, म्हणून बाई प्रेषित नव्हती. असा तो गोल फिरणारा तर्क. 1998 च्या छपाईत दुरुस्ती झाली.

गावाकडे सातबाऱ्यावरच्या फेरफाराची गोष्ट कुणाला नवी नाही. वडिलांमागं बहिणीचं नाव लागलेलं असतं. मग कधीतरी एक नोंद होते आणि पुढच्या उताऱ्यावर ते नाव नसतं. जमीन तीच, बहीण तीच, जिवंत आहे, दिवाळीला येते. कागदावर मात्र ती नाही. यूनिया 71 वर्षं अशी कागदावरून गेलेली होती. त्या काळात घडलेले कित्येक पाळक आणि भाषांतरकार ‘यूनियास’ वाचतच मोठे झाले.

अशी ती एकटी नाही. कलस्सैकरांस पत्रात नुंफा नावाच्या बाईला आणि ‘तिच्या घरातल्या मंडळीला’ सलाम आहे. काही हस्तलिखितांत ‘तिच्या’चं ‘त्याच्या’ झालं आणि नुंफा पुरुष बनली.

आणि मग्दालीया मरीया?

तिला पुरुष करता येईना, तर पतित केलं.

शुभवर्तमानांत तिच्याबद्दल काय आहे ते आधी पाहू. लूक सांगतो, येशू गावोगाव फिरत असताना मरीया, हेरोदाच्या कारभाऱ्याची बायको योहान्ना, सुसान्ना आणि इतर पुष्कळ बायका बरोबर असत आणि आपल्या पदरच्या पैशानं सगळ्यांचा खर्च चालवत. मरीयेतून सात भुतं निघाली होती, असंही तो लिहितो, म्हणजे ती मोठ्या दुखण्यातून उठली होती. येशूला क्रुसावर दिलं तेव्हा बायका तिथं होत्या. तिसऱ्या दिवशी रिकाम्या कबरेपाशी कोण गेलं याची नावं चारही शुभवर्तमानांत वेगवेगळी आहेत, पण मग्दालीया मरीया चारही ठिकाणी आहे. योहानाच्या शुभवर्तमानात मरणातून उठलेला येशू आधी तिलाच भेटतो आणि शिष्यांना सांग म्हणून पाठवतो. पाठवलेली म्हणजे काय, हे आपण वर पाहिलंच.

ती वेश्या होती असं एकाही ओळीत नाही. 591 मध्ये पोप पहिला ग्रेगरी यानं एका प्रवचनात तीन निरनिराळ्या बायका एक केल्या. मग्दालीया मरीया, बेथानीची मरीया आणि लूकच्या सातव्या अध्यायातली ती निनावी ‘पापी स्त्री’. सात भुतं म्हणजे सात दुर्गुण, असा अर्थही त्यानं लावला. पश्चिमेकडच्या चित्रकारांनी पुढची हजार-बाराशे वर्षं तेच रंगवलं. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळींनी ही सरमिसळ कधीच स्वीकारली नाही. रोमन कॅथलिक दिनदर्शिकेतून ही सरमिसळ 1969 मध्ये निघाली, आणि जून 2016 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी 22 जुलै हा तिचा दिवस प्रेषितांच्या दिवसांइतक्याच दर्जाचा सण ठरवला. त्या दिवसाच्या प्रार्थनेत तिला ‘प्रेषितांची प्रेषित’ म्हटलं आहे. हे बिरुद मध्ययुगापासूनचं आहे.

त्या काळी बाईच्या साक्षीला फारसं मोल नव्हतं. लूक स्वतःच लिहितो की शिष्यांना बायकांचं बोलणं वेड्यासारखी बडबड वाटलं. दुसऱ्या शतकातला टीकाकार केल्सस ‘एका भ्रमिष्ट बाईच्या शब्दावर यांचा धर्म उभा’ अशी टिंगल करतो. कुणी ही कथा पटवून देण्यासाठी रचली असती, तर साक्षीदार म्हणून बायका निवडल्याच नसत्या.

‘पण येशूचे बारा शिष्य पुरुषच होते ना?’

होते. कॅथलिक चर्चची अधिकृत भूमिका याच पायावर उभी आहे. 1994 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी लिहिलं की येशूनं बारा पुरुष निवडले, म्हणून स्त्रियांना धर्मगुरुपदाची दीक्षा देण्याचा अधिकार चर्चला नाही. कोट्यवधी लोक ही भूमिका मनापासून मानतात, आणि मी ती मोडीत काढायला बसलेली नाही.

इतिहासाच्या बाजूनं एवढंच सांगता येतं की ‘बारा’ हा आकडा इस्राएलच्या बारा वंशांची खूण होता, आणि ‘प्रेषित’ हा शब्द त्या बारांपुरता नव्हता. पौल स्वतः बारांत नव्हता. त्याचा सहकारी बर्णबाही नव्हता. दोघांनाही नवा करार प्रेषित म्हणतो.

यूनियाबद्दल आणखी एक आक्षेप आहे. ती ‘प्रेषितांमध्ये नावाजलेली’ नव्हे, ‘प्रेषितांना चांगली ठाऊक असलेली’ होती, असं काही विद्वान 2001 पासून मांडतात. व्याकरणाच्या अंगानं हा वाद अजून चालू आहे. माझा कौल ख्रिसोस्तोमच्या बाजूला. ज्याची मायबोली ग्रीक, त्याला त्या वाक्यात प्रेषित बाई दिसली.

‘बायकांनी गप्प राहावं, असं पौलानंच लिहिलंय’

हा सर्वांत जड आक्षेप. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात ते वाक्य खरोखर आहे. मंडळीत बायकांनी गप्प राहावं, काही विचारायचं असल्यास घरी नवऱ्याला विचारावं.

पण त्याच पत्राच्या अकराव्या अध्यायात पौल सांगतो की प्रार्थना करताना किंवा संदेश देताना बाईनं डोक्यावर पदर घ्यावा. जिनं तोंडच उघडायचं नाही, तिनं बोलताना पदर घ्यावा हे सांगण्याचं कारण काय? दोन्ही वाक्यं एकाच हातची असतील तर ‘गप्प राहावं’ या वाक्याचा अर्थ ‘कधीच, कुठंच बोलू नये’ असा होऊ शकत नाही.

अभ्यासकांची उत्तरं निरनिराळी आहेत. काही म्हणतात, ती दोन वाक्यं पौलाची नव्हेत, समासात कुणी लिहिली आणि नक्कल करताना मजकुरात शिरली. कारण काही हस्तलिखितांत ती दुसऱ्याच जागी, अध्यायाच्या शेवटी सापडतात. दुसरे म्हणतात, मधेच प्रश्न विचारून गोंधळ करण्याला ती बंदी आहे. मला हे दुसरं उत्तर पटतं, कारण त्याच अध्यायात गप्प राहण्याचा हुकूम आणखी दोघांना आहे. अन्य भाषेत बोलणाऱ्यानं अर्थ सांगणारा कुणी नसेल तर गप्प राहावं, आणि संदेश देणाऱ्यानं दुसऱ्याला सुचलं तर गप्प राहावं. तिन्ही ठिकाणी क्रियापद एकच. आधीचे हे दोन हुकूम कायमचे आहेत असं कुणी मानलं नाही.

तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं वाक्य याहून कडक आहे. बाईनं शिकवू नये, पुरुषावर अधिकार चालवू नये. ते मवाळ करून दाखवणं अप्रामाणिकपणाचं होईल. पुष्कळ अभ्यासकांच्या मते हे पत्र पौलाच्या मागं, त्याच्या नावानं लिहिलं गेलं. ‘अधिकार चालवणं’ यासाठीचं ग्रीक क्रियापद अख्ख्या नव्या करारात याच एका ठिकाणी येतं, त्यामुळं त्याच्या नेमक्या छटेवर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले आहेत. मला त्या वाक्यात एक साधी गोष्ट दिसते. ‘येथे वाहने लावू नयेत’ ही पाटी लागते कुठं? जिथं लोक वाहनं लावतात तिथं. बायका शिकवत होत्या, आणि कुणाला तरी ते थांबवायचं होतं.

‘आजच्या काळाचा चष्मा लावून जुनं वाचताय’

ही सूचना रास्त आहे आणि दोन्ही बाजूंना लागू पडते. सुरुवातीच्या मंडळीत स्त्रीपुरुष समानता नांदत होती असं चित्र रंगवणंही खोटंच. पौल डोक्यावरच्या पदराबद्दल सांगताना पुरुष हा स्त्रीचं मस्तक आहे असं लिहितो. ‘यहुदी नाही, हेल्लेणी (ग्रीक) नाही, दास नाही, स्वतंत्र नाही, पुरुष नाही, स्त्री नाही, तुम्ही सर्व ख्रिस्तात एक आहात’ हे गलतीकरांस पत्रातलं वाक्यही त्याचंच. दोन्ही एकाच माणसात होतं.

‘यहुदी धर्मानं बायकांना डांबलं आणि येशूनं सोडवलं’ ही मांडणीही टाकून द्यायला हवी. मरीया, योहान्ना, प्रिस्किल्ला, यूनिया, या सगळ्या यहुदीच होत्या. आजच्या तुर्कस्तानातल्या इझमिरमध्ये, तेव्हाच्या स्मुर्णात, रूफिना नावाच्या यहुदी बाईचा कोरीव लेख सापडला आहे. त्यात तिला सभास्थानाची प्रमुख म्हटलं आहे.

मग हे सगळं आटलं कसं?

एका दिवसात नाही. साधारण 112 साली रोमी सुभेदार प्लिनी उत्तर तुर्कस्तानातून सम्राट त्राजानला लिहितो की ख्रिस्ती लोकांची माहिती काढण्यासाठी मी दोन दासींचा छळ करवला, त्यांना ते लोक ‘मिनिस्त्रे’, म्हणजे सेवेकरिणी, म्हणतात. त्या दोघींची नावं त्यानं लिहिली नाहीत. पण इतकं कळतं की मालकाच्या मालकीच्या बायांनाही मंडळीत पद होतं.

पुढं पूर्वेकडे डीकन बायका शतकानुशतकं दिसतात. बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती होण्याचा विधी, तेव्हा प्रौढांचा, पाण्यात बुडवून आणि अंगाला तेल लावून होई. बायकांचा तो विधी परपुरुषानं कसा करावा? घरातल्या आजारी बायकांकडे कोण जाणार? ही कामं त्यांच्याकडे होती. तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा रूढ झाला तसं ते काम उरलं नाही. चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टँटिनच्या आश्रयानं मोठ्या इमारती उभ्या राहिल्या. घरात जमणारी मंडळी चौकात आली, आणि रोमी रीतीप्रमाणं घर बाईचं तर चौक पुरुषाचा. 441 मध्ये फ्रान्समधल्या ओरांजच्या धर्मसभेनं ठरवलं की बायकांना डीकनपदाची दीक्षा देऊ नये. दहाच वर्षांनी, 451 मध्ये, खाल्केदोनच्या महासभेनं सांगितलं की दीक्षा द्यावी, पण चाळिशीच्या आत नको. पश्चिमेत दार लागत होतं तेव्हा पूर्वेत ते उघडं होतं.

आजचे वाद याच फटीतून येतात. पोप फ्रान्सिस यांनी डीकन स्त्रियांच्या प्रश्नावर 2016 आणि 2020 मध्ये अभ्यासमंडळं नेमली. मे 2024 मध्ये आलेक्सांद्रियाच्या ग्रीक ऑर्थोडॉक्स मंडळीनं झिंबाब्वेत एका बाईला डीकनपदाची दीक्षा दिली. आपल्या देशात दक्षिण भारतीय मंडळीनं, म्हणजे चर्च ऑफ साउथ इंडियानं, 2013 मध्ये पुष्पा ललिता यांना बिशप केलं. महाराष्ट्र ज्या उत्तर भारतीय मंडळीच्या क्षेत्रात येतो, तिथंही बायका पाळक होतात.

जैतूनाच्या डोंगरावरचा दगड आणि केडगावचा छापखाना

1903 मध्ये यरुशलेमच्या जैतूनाच्या डोंगरावर चौथ्या शतकातल्या एका कबरीचा फुटका दगड सापडला. त्यावर ग्रीकमध्ये कोरलं आहे की इथं ख्रिस्ताची दासी आणि वधू सोफिया निजली आहे, डीकन, दुसरी फीबी. पौलाच्या पत्राला तोवर तीनशेच्या आसपास वर्षं झाली होती. शेवटच्या पानावरची ती बाई कोण, हे सोफियाला मूठमाती देणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. तिच्यासाठी ‘डायकोनोस’ हाच शब्द त्यांनी वापरला, स्त्रीलिंगी रूप नव्हे.

आणि पुण्याजवळच्या केडगावात पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून घेऊन, मूळ भाषांवरून बायबल मराठीत आणायला घेतलं. विद्वानांची किंवा पंडिती मराठी त्यांना नको होती. लिहायला नुकत्याच शिकलेल्या बाईला कळेल अशी मराठी हवी होती. 1922 मध्ये रमाबाई गेल्या, ग्रंथ 1924 मध्ये प्रसिद्ध झाला. मुक्ती मिशनच्या छापखान्यात काम करणाऱ्या त्यांच्याच आश्रमातल्या बायका होत्या. दुष्काळातून आलेल्या, सासरमाहेर सुटलेल्या, टाकलेल्या. त्यांनी शिशाचा एकेक खिळा उचलून ओळी जुळवल्या, पानं छापली, बांधणी केली. रोमकरांस पत्राचा सोळावा अध्यायही त्यात आला. फीबीचं नाव, मग प्रिस्किल्लेचं, मग मरीयेचं, यूनियाचं.